हंगामाचा पहिला शनिवार

प्रत्येक खेळाला आपला एक हंगाम असतो. आणि खेळाचा खरा स्वभाव ओळखावयाचा असेल तर त्या हंगामाच्या शेवटच्या दिवसापेक्षां पहिला दिवस पाहावा हें बरें. अखेरच्या दिवशीं जयपराजयाचा गलबला एवढा असतो कीं, ढाल कोणीं जिंकली यापलीकडे कोणाचें लक्षच जात नाहीं. पहिल्या दिवशीं मात्र सर्वांचीच पाटी कोरी असते. मैदान कोणाचें, खेळणारे कोण, पाहणारे कोण, आणि या सर्व खटाटोपाचा खर्च कोणाच्या पदरचा, हे प्रश्न त्या दिवशीं उघड्यावर येतात.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कॉलेजांच्या फुटबॉलचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो आणि सप्टेंबरचा पहिला सोमवार, म्हणजे तेथील श्रमिकांच्या सुटीचा दिवस, येईपर्यंत त्याला पूर्ण भर येतो. त्या शनिवार-रविवारीं तेथें जें दृश्य दिसतें तें पाहून आपल्याकडील मनुष्यास कोणत्याहि शिक्षणसंस्थेची आठवण होणार नाहीं. आठवण होईल ती एखाद्या मोठ्या यात्रेची. महाशिवरात्रीस औंढ्याला नागनाथाच्या दर्शनासाठीं लोक लोटतात, परभणीकडून येणाऱ्या भाविकांची रीघ जवळा बाजारावरून जाते, आणि एरवीं आपल्या व्यवहारांत गढलेला रस्ता दोन दिवस निराळाच होऊन जातो. तसाच प्रकार तेथें विद्यापीठांच्या गांवीं होतो. मिशिगन विद्यापीठ ज्या ॲन आर्बर गांवीं आहे, त्या गांवची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. आणि विद्यापीठाच्या क्रीडांगणांत बसण्याची सोय १,०७,००० हून अधिक माणसांची! एका गांवांत दुसरें गांव भरावें तसें तें क्रीडांगण भरतें. वाद्यांचा ताफा, विद्यापीठाच्या रंगाचे पोशाख, पहांटेपासून मैदानाबाहेर मांडलेल्या चुली, पन्नास वर्षांपूर्वीं पदवी घेऊन गेलेले म्हातारे, हें सर्व त्या दिवशीं एकत्र येतें. खेळाला फुटबॉल म्हणतात खरें. पण चेंडू लांबट असून तो बहुधा हातांत धरूनच पळावयाचें असतें. आपण ज्यास फुटबॉल म्हणतों त्यास ते लोक दुसरेंच नांव देतात.

मराठवाड्यांतील एका बाजारगांवीं बसून या परक्या उत्सवाचा विचार कशासाठीं करावा, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, कॉलेज आणि खेळ यांचा परस्परसंबंध काय असावा, हा प्रश्न आपलाहि आहे. शिवाय जवळा बाजार, हिंगोली, परभणी हा सारा मुलूख १९५६ पर्यंत ज्या हैदराबाद राज्यांत होता, त्याच राज्याच्या राजधानींत भारतीय फुटबॉलचें सर्वांत वैभवाचें पर्व घडलें. तें आमच्या दारावरून गेलें, पण घरांत आलें नाहीं. तेथें खेळानें कॉलेज व्यापून टाकलें. येथें खेळ कॉलेजपर्यंत पोंचलाच नाहीं. या दोन टोकांचा इतिहास शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्यास कांहीं शिकण्यासारखें हातीं लागतें.

अमेरिकेंतील कॉलेजी फुटबॉलचा जन्म अगदीं साधा आहे. ६ नोव्हेंबर १८६९ हा दिवस शनिवारच होता. न्यू जर्सी संस्थानांतील न्यू ब्रन्सविक येथें रट्गर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांचे विद्यार्थी एका कुरणावर जमले. प्रत्येक बाजूस २५ गडी होते. चेंडू वाटोळा होता आणि तो हातांत घेऊन पळण्यास मनाई होती. पाहण्यास शंभरेक माणसें असतील. रट्गर्सनें ६–४ अशी बाजी मारली. पुढच्याच आठवड्यांत प्रिन्स्टननें ८–० अशी परतफेड केली. ठरलेला तिसरा सामना झालाच नाहीं. या सर्वांत प्राध्यापकांचा हात नव्हता, तिकिटें नव्हतीं, शिक्षक नव्हता. मुलांनीं नियम ठरविले, मुलें खेळलीं, आणि सायंकाळीं मुलेंच एका पंक्तीस जेवलीं.

वाटोळ्या चेंडूचा लांबट चेंडू कसा झाला तीहि कथा मनोरंजक आहे. हार्वर्डचे विद्यार्थी आपल्या निराळ्या नियमांनीं खेळत. १८७४ च्या मे महिन्यांत कॅनडांतील मॅक्गिल विद्यापीठाचा संघ त्यांच्याकडे आला. लागोपाठ दोन दिवस दोन सामने झाले; एक यजमानांच्या नियमांनीं आणि दुसरा पाहुण्यांच्या, म्हणजे रग्बीच्या नियमांनीं. पाहुण्यांचाच खेळ यजमानांस अधिक आवडला आणि तेथून तो इतर कॉलेजांत पसरला. पुढें येल कॉलेजच्या वॉल्टर कॅम्प यानें त्यास निराळें वळण दिलें. १८८० सालीं त्याच्या सूचनेवरून गड्यांची संख्या ११ झाली आणि दोन्ही संघांनीं एका रेषेच्या दोन बाजूंस उभें राहून डाव सुरू करण्याची चाल पडली. १८८२ सालीं तीन प्रयत्नांत निदान पांच यार्ड पुढें सरकलेंच पाहिजे, नाहीं तर चेंडू प्रतिपक्षाला, असा नियम झाला. एवढ्या दोन-तीन कलमांनीं धांवपळीच्या खेळाचें रूपांतर एका प्रकारच्या व्यूहरचनेंत झालें. मैदानावर पट्टे आंखले गेले, डावपेंच कागदावर मांडले जाऊं लागले, आणि डावपेंच आंखणारा शिक्षक मैदानाबाहेर उभा राहिला. मुलांच्या हातून खेळाचीं सूत्रें सुटण्यास येथूनच आरंभ झाला.

त्या व्यूहरचनेची किंमतहि द्यावी लागली. घोळक्यानें एकमेकांच्या अंगावर धांवून जाण्याच्या पद्धतीमुळें हातपाय मोडणें ही नित्याची गोष्ट झाली, आणि पुढें मृत्यूहि होऊं लागले. ९ ऑक्टोबर १९०५ रोजीं अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींस आपल्या निवासस्थानीं बोलावून खेळ सुधारण्याची ताकीद दिली. तरीहि तो हंगाम संपेपर्यंत, वृत्तपत्रांच्या हिशेबाप्रमाणें, सुमारे १८ तरुण मैदानावरील दुखापतींनीं दगावले. कोलंबिया विद्यापीठानें खेळ बंद केला. स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया यांनीं रग्बी पत्करली. बाकीच्या कॉलेजांनीं डिसेंबरांत न्यू यॉर्क येथें सभा भरविली. तींतून कॉलेजांच्या खेळांचें नियमन करणारी राष्ट्रीय संस्था जन्मास आली. १९०६ पासून चेंडू पुढें फेंकण्यास परवानगी मिळाली, त्यामुळें घोळका फुटला आणि खेळ मोकळा झाला. खेळ मरतां मरतां वांचला. पण वांचला तो कॉलेजच्या चालकांच्या हातांत जाऊन.

यानंतरचें युग क्रीडांगणांचें आहे. हार्वर्डनें १९०३ सालीं सिमेंट-काँक्रीटचें प्रचंड क्रीडांगण बांधलें. येलनें १९१४ सालीं सुमारे ७०,००० माणसें बसतील असें वाडग्याच्या आकाराचें बांधलें. मिशिगनचें क्रीडांगण १९२७ चें. एवढी इमारत उभी राहिली म्हणजे ती भरली पाहिजे. भरावयाची तर संघ जिंकला पाहिजे. जिंकावयाचें तर चांगले गडी कोठून तरी आणले पाहिजेत. दगड-विटांचेंहि एक तर्कशास्त्र असतें आणि तें माणसांच्या सद्धेतूंहून बळकट ठरतें. १९२९ सालीं कार्नेगी संस्थेनें शंभराहून अधिक कॉलेजांची पाहणी करून अहवाल प्रसिद्ध केला. बहुसंख्य कॉलेजें हौशी खेळाच्या नांवाखालीं खेळाडूंना या ना त्या रूपानें पैसे पुरवितात, असें त्यांत साधार दाखविलें होतें. अहवालाची चर्चा पुष्कळ झाली. शनिवारची गर्दी मात्र कमी झाली नाहीं.

या ओघाविरुद्ध उभें राहण्याचें धैर्य एका मोठ्या विद्यापीठानें दाखविलें. शिकागो विद्यापीठांत १८९२ पासून चाळीस वर्षें ॲमॉस अलॉन्झो स्टॅग या विख्यात गुरूनें फुटबॉल शिकविला होता. तेथील क्रीडांगणास त्याचेंच नांव होतें. परंतु १९३९ सालीं मिशिगनकडून ८५–० असा पराभव पत्करण्यापर्यंत त्या संघाची घसरण झाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस विद्यापीठाचे प्रमुख रॉबर्ट हचिन्स यांनीं, विद्यापीठाचें काम विद्येचें आहे असें म्हणून, तो खेळच बंद केला. पुढें काय झालें तें इतिहासाच्या विलक्षण योगायोगांपैकीं एक आहे. २ डिसेंबर १९४२ रोजीं त्याच स्टॅग क्रीडांगणाच्या पश्चिमेकडील बैठकींखालच्या एका खेळघरांत एन्रिको फर्मी व त्याचे सहकारी यांनीं मानवनिर्मित अणुविघटनाची पहिली स्वयंचलित शृंखला घडवून आणली. ज्या बैठकींवरून हजारों लोकांनीं आरोळ्या ठोकल्या होत्या, त्यांच्या पोटांत मूठभर शास्त्रज्ञ श्वास रोधून उभे होते. विद्येनें मैदान परत घेतलें खरें; पण तेथें तिनें जें निर्माण केलें त्याचें फळ तीन वर्षांच्या आंत हिरोशिमानें भोगलें. म्हणून खेळ वाईट आणि विद्या चांगली असा सोपा निवाडा येथें करतां येत नाहीं. त्याच विद्यापीठानें १९६९ सालीं फुटबॉल पुन्हां सुरू केला. पण लहान प्रमाणावर, विद्यार्थ्यांचा खेळ म्हणून. हा शेवट मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

इतरांनीं मात्र उलटा मार्ग धरला. १९८४ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें दूरचित्रवाणीच्या हक्कांवरील राष्ट्रीय संस्थेची मक्तेदारी मोडली, आणि सामन्यांचें प्रक्षेपण हा कॉलेजांचा मोठा व्यापार झाला. त्या व्यापारापुढें भूगोलहि हटला: पॅसिफिकच्या किनाऱ्यावरचीं स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया हीं विद्यापीठें २०२४ पासून अटलांटिक किनाऱ्याच्या नांवानें चालणाऱ्या संघगटांत खेळूं लागलीं. २०२१ पासून खेळाडूंस आपल्या नांवावर व छबीवर पैसे मिळविण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्यें न्यायालयानें मान्य केलेल्या एका तडजोडीनें, विद्यापीठांनीं खेळाडूंस प्रत्यक्ष पैसे देण्याचा मार्ग खुला झाला; पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठास सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची. यांत न्यायाचा भाग आहे हें नाकारतां येणार नाहीं. ज्या मुलांच्या श्रमावर एवढी संपत्ति उभी राहिली त्यांस तींतील वांटा मिळूं नये हा अन्यायच होता. परंतु १८६९ च्या त्या कुरणाकडे वळून पाहिलें म्हणजे दीडशें वर्षांत गमावलेली गोष्टहि दिसते. तेव्हां पन्नास मुलें खेळत होतीं आणि शंभर माणसें पाहत होतीं. आज बावीस खेळतात आणि लाख पाहतात. खेळ वाढला याचा अर्थ खेळणारे वाढले असा होत नाहीं.

आतां आपल्या देशाकडे वळूं. हिंदुस्थानांत फुटबॉल आला तो गोऱ्या पलटणींबरोबर. सिमल्याची ड्युरँड स्पर्धा १८८८ ची आणि मुंबईची रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ ची. रोव्हर्सचा पहिला मान वुस्टरशायर पलटणीनें मिळविला. परंतु आपल्या लोकांत हा खेळ रुजविला तो मुख्यतः शाळा-कॉलेजांनीं. कलकत्त्याच्या नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी यांची कथा प्रसिद्ध आहे. १८७७ च्या सुमारास लहान वयांत त्यांनीं गोऱ्यांच्या मैदानाबाहेर आलेला चेंडू लाथेनें परत टोलविला आणि त्या स्पर्शानें त्यांस वेड लागलें. मग वर्गणी काढून हेअर स्कूलच्या मुलांनीं जो चेंडू विकत आणला तो निघाला रग्बीचा. शेजारच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांतील स्टॅक नांवाच्या प्राध्यापकानें ती चूक दाखवून दिली व त्यांस खरा फुटबॉल दिला, असें सांगतात. अमेरिकेंत वाटोळ्या चेंडूचा लांबट झाला आणि त्याच दशकांत कलकत्त्यास लांबट चेंडूचा वाटोळा झाला! २९ जुलै १९११ रोजीं मोहन बागाननें ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा २–१ असा पराभव करून आय. एफ. ए. ढाल जिंकली, तेव्हां अकरांपैकीं दहा गडी अनवाणी होते. आमच्या मुंबईंत मात्र रोव्हर्स चषक हिंदी संघाच्या हातीं येण्यास १९३७ साल उजाडावें लागलें. तोहि मुंबईच्या नव्हे, तर बंगळूरच्या मुस्लिम संघानें जिंकला.

मुंबई-कलकत्त्याकडे फुटबॉलचा हंगाम पडला तो पावसाळ्यांत. क्रिकेटला कोरडी, टणक खेळपट्टी लागते. म्हणून हिवाळा त्यानें घेतला आणि चिखलाचे चार महिने फुटबॉलच्या वांट्यास आले. कॉलेजांची पहिली सहामाहीहि जूनमध्येंच उघडावयाची. नवीं पुस्तकें, नवे चेहरे, छत्र्यांची गर्दी आणि मैदानावरची ओली हिरवळ हीं एकदमच येत. म्हणजे अमेरिकेंत जसा शरद ऋतु, तसा आमच्याकडे आषाढ हा कॉलेजी फुटबॉलचा स्वाभाविक आरंभकाल होय. पावसानें दिलेला हा मुहूर्त आम्हीं साधला नाहीं, ही गोष्ट वेगळी.

ज्यांनीं साधला त्यांत हैदराबाद शहराचें नांव पहिलें. तेथील कर्तबगारीच्या मुळाशीं एक शाळामास्तर होता. सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १९०९ सालचा. १९१८ मध्यें सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत ते शिकले, विद्यापीठाच्या संघांतून खेळले. पुढें सिटी कॉलेजच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनीं चालविलेल्या संघांतहि ते होते. नंतर काचीगुडा, चादरघाट इत्यादि ठिकाणच्या शाळांतून त्यांनीं मुलें शिकविलीं आणि शारीरिक शिक्षणाची पदविका घेऊन खेळांचें काम अंगावर घेतलें. १९४३ पासून ते हैदराबादच्या फुटबॉल संघटनेचे चिटणीस होते. त्यांची शिकविण्याची रीत अस्सल मास्तराची होती. चेंडू पायांत घोळवीत न नेतां लागलींच साथीदाराकडे द्यावयाचा, अशा अटीचे सामने ते भरवीत. ज्याचा उजवा पाय चालतो त्यानें डाव्यानेंच खेळावें, असेहि सामने भरवीत. शुद्धलेखनाच्या वहींत चुकलेला शब्द दहा वेळां लिहावयास लावावा, तसाच हा प्रकार! त्यांतून जी पिढी तयार झाली तिच्या बळावर हैदराबादच्या पोलीस संघानें १९५० ते १९५४ अशीं लागोपाठ पांच वर्षें रोव्हर्स चषक जिंकला. रहीमसाहेबांच्या मार्गदर्शनाखालीं भारतानें १९५१ मध्यें दिल्लीस व १९६२ मध्यें जाकार्ता येथें आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळविलें आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्यें चौथें स्थान. ११ जून १९६३ रोजीं ते निवर्तले. त्यानंतर आशियाई सुवर्णपदक भारतास पुन्हां मिळालेलें नाहीं.

येथें आमचा मूळ प्रश्न उभा राहतो. हैदराबादेहून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारासच परभणीवरून गेला होता; पूर्णेहून एक फांटा पुढें हिंगोलीसहि आला. हिंगोली तर हैदराबाद कंटिंजंट फौजेची जुनी छावणी. १९०३ सालीं ती फौज ब्रिटिश हिंदी सैन्यांत विलीन होईपर्यंत तेथें पलटणींचा राबता होता. म्हणजे रस्ता होता, गाडी होती, राज्यहि एकच होतें. मग तो चेंडू घरंगळत आमच्या गांवांपर्यंत कां आला नाहीं?

पहिलें कारण शिक्षणाचें. निजामी राजवटींत मराठवाड्यांत पदवीपर्यंत शिकविणारें एकहि कॉलेज नव्हतें. औरंगाबादचें इंटरमीजिएट कॉलेज हीच शेवटची पायरी. जवळा बाजारच्या मुलास पुढें शिकावयाचें तर हैदराबाद गांठावें लागे; तेथें शिक्षण उर्दूंतून; आणि घरीं आईची भाषा मराठी. इतक्या चाळण्यांतून जो निघे तो मैदानावर जाण्याच्या मनःस्थितींत नसे. औरंगाबादेस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेचें कॉलेज व नांदेडचें पीपल्स कॉलेज हीं दोन्ही १९५० सालीं निघालीं. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजीं स्थापन झालें. म्हणजे हैदराबादचा संघ रोव्हर्स चषक जिंकूं लागला त्याच वर्षीं आमच्याकडे कॉलेजचा पाया घातला जात होता.

दुसरें कारण जमिनीचें आणि ऋतूचें. हैदराबाद वसलें आहे तें ग्रॅनाइटच्या खडकावर. तेथील तांबड्या, मुरमाड जमिनींतून पाणी लवकर निचरून जातें. आमची जमीन कापसाची काळी. पाऊस पडला कीं ती फुगते, पायाला गोळा धरते, आणि उघडीप झाली कीं तिला भेगा पडतात. पिकाला जी आई, ती खेळाला सावत्र आई! शिवाय जून-जुलै हे पेरणीचे दिवस. वाफसा धरून तिफण चालवावयाची असतां शेतकऱ्याचा मुलगा चेंडूमागें धांवेल कसा? शहरांत जो पावसाळा खेळाचा हंगाम झाला, तोच आमच्याकडे पोटाचा हंगाम होता.

परंतु ऋतूवर सर्व भार टाकून मोकळें होतां येत नाहीं, कारण कोल्हापूरचा दाखला समोर आहे. तेथें हा खेळ ना पलटणीच्या आधारानें राहिला, ना केवळ कॉलेजच्या; तो पेठांतल्या तालमींनीं उचलला. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ हीं नांवेंच सांगतात कीं, कुस्तीच्या आखाड्यानें चेंडूस आपल्या घरांत जागा दिली. त्यांनीं आपल्या सोयीचा, पावसाळ्यानंतरचा हंगाम ठरविला आणि शाहू स्टेडियमवर पेठाच्या पेठा लोटूं लागल्या. ऋतु प्रतिकूल असेल तर हंगाम बदलतां येतो. माणसांनीं तो आपला मानला पाहिजे, एवढेंच.

इतिहासानें आमची थट्टाहि केली आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा हैदराबाद राज्यांतून निघून मुंबई राज्यांत आला. त्यास बरोबर एक महिना झाला त्या दिवशीं, १ डिसेंबर १९५६ रोजीं, मेलबर्न येथें भारतानें ऑस्ट्रेलियाचा ४–२ असा पराभव केला. संघाचे गुरु हैदराबादचे रहीम. आणि चारांपैकीं तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा मुंबईचा. जें राज्य आम्हीं सोडलें त्याचा गुरु आणि ज्या राज्यांत आम्ही आलों त्याचा गडी, दोघांनीं मिळून तो विजय मिळविला. आणि दोहोंमध्यें बसलेल्या आमच्या मुलुखाचा त्यांत कांहींच वांटा नव्हता.

त्या वैभवाचेंहि पुढें काय झालें? पोलीस संघाचा जोर रहीमांमागें ओसरत गेला. शंभराहून अधिक वर्षें चाललेली रोव्हर्स स्पर्धा २००१ नंतर भरलीच नाहीं. पलटणी, पोलीस, गिरण्या, कंपन्या यांच्या आश्रयावर वाढलेला खेळ आश्रय आटतांच सुकला. कॉलेजचा आश्रय मात्र निराळ्या प्रकारचा असतो. दर वर्षीं जुने गडी पदवी घेऊन जातात आणि दर वर्षीं नवे येतात. त्याला आटणें ठाऊक नाहीं. अमेरिकेंतील खेळ दीडशें वर्षें टिकला, याचें श्रेय त्याच्या प्रचंड क्रीडांगणांपेक्षां या वार्षिक नवेपणास अधिक आहे.

तेव्हां दोन्ही इतिहासांचें तात्पर्य एकच निघतें. खेळ कॉलेजांत असावा, पण खेळणाऱ्याचा असावा. पाहणाऱ्यांचा झाला कीं तो व्यापार होतो. कोणाचाच नसला कीं तो नाहींसा होतो. आज हिंगोली जिल्ह्यांतील कॉलेजें नांदेडच्या विद्यापीठाशीं जोडलेलीं आहेत. तालुक्याच्या गांवींहि पदवीपर्यंतचे वर्ग आहेत. रहीमांच्या काळीं ज्या पायऱ्या नव्हत्या त्या आतां आहेत. लाख माणसांच्या क्रीडांगणाची आम्हांस गरज नाहीं. तें नाहीं हें आमचें भाग्यच समजावें. गरज आहे ती चार गाड्या मुरूम टाकून सपाट केलेल्या एका तुकड्याची, वाटोळ्या चेंडूची, आणि शाळेंत शुद्धलेखन शिकवून सायंकाळीं मैदानावर येणाऱ्या एका मास्तराची. पेरणी आटोपून, पिकांची पहिली खुरपणी झाल्यावर जो शनिवार मोकळा सांपडेल तोच आमच्या हंगामाचा पहिला शनिवार ठरवावा. त्या दिवशीं पन्नास मुलें खेळलीं आणि शंभर माणसांनीं पाहिलीं, तरी पुरे. न्यू ब्रन्सविकच्या कुरणावर याहून अधिक कांहीं नव्हतें.